क्लास लावलात, आता उरलेल्या सहा दिवसांचं काय?

माझ्या कपाटात तीन प्रमाणपत्रं आहेत. एक जलरंगाचं, एक वारली चित्रांचं, एक बासरीचं. तिन्हींवर माझं नाव सुंदर अक्षरात लिहिलेलं आहे आणि तिन्हींतलं मला आज काहीही येत नाही. चौथी गोष्ट पेटी. तिचं प्रमाणपत्र नाही, पण गणपतीत वाडीतल्या आरत्यांना पेटी माझ्याकडे देतात आणि अजून तरी कुणी काढून घेतलेली नाही.

टपाल खात्यात ३१ वर्षं काढून मी कुडाळजवळच्या गावी परतलो. आता माझ्यासारखेच लोक विचारायला येतात. कुणी बँकेतून निवृत्त झालेलं, कुणाची मुलं मुंबई-पुण्याला गेलेली, कुणी पुण्यातला फ्लॅट भाड्याने देऊन इकडे स्थायिक झालेलं. प्रश्न एकच: या वयात क्लास लावून खरंच काही येतं का? येतं. पण ते क्लासात येत नाही. क्लास हा तरवा आहे, म्हणजे लावणीआधीची भाताची रोपं. तरवा कितीही हिरवागार दिसला तरी त्याचं भात कुणी झोडत नाही, तो उपटून शेतात चिखलात लावावा लागतो. ती लावणी कशी करायची ते मी चुकत चुकत शिकलो, त्याच क्रमाने सांगतो.

आधी ठरवा: चव बघायची आहे की शिकायचं आहे?

मालवणला पर्यटक स्कूबा करतात ते आठवा. होडीतून नेतात, तोंडात नळी देतात, प्रशिक्षक मागून धरून असतो. काही मिनिटं मासे दिसतात, व्हिडिओ निघतो. पोहता येत नसलं तरी चालतं. मजा येते, पण वर आल्यावर तुम्ही पाणबुडे झालेले नसता, आणि तसा दावाही कुणी करत नाही.

त्याच किनाऱ्यावर तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. जगभर चालणारा ‘ओपन वॉटर’ पातळीचा अभ्यासक्रम घ्यायचा तर २०० मीटर पोहून दाखवावं लागतं, १० मिनिटं आधाराशिवाय तरंगावं लागतं, पुस्तकी भागाची चाचणी द्यावी लागते. आधी बंदिस्त पाण्यात सराव, मग खुल्या समुद्रात किमान ४ बुड्या. मास्कमध्ये पाणी भरून ते पाण्याखालीच बाहेर काढायला लावतात. पाणी तेच, मासेही तेच, पण दुसऱ्या प्रकारात तुम्हाला काहीतरी करून दाखवावं लागतं.

छंदवर्गांच्याही याच दोन जाती आहेत. हॉटेलच्या हॉलमधली दोन दिवसांची कार्यशाळा ही चव. चवीत वाईट काही नाही. मी वारली चित्रांच्या कार्यशाळेत खूप हसलो, जेवणही चांगलं होतं. फक्त तिच्याकडून विद्येची अपेक्षा ठेवली ही माझी चूक. नाव नोंदवताना एक विचारा: शेवटच्या दिवशी घरी काय न्यायचं असतं? तयार वस्तू न्यायची असेल तर ती चव. गृहपाठ न्यायचा असेल तर पुढे बोलण्यात अर्थ आहे.

त्या विद्येला तुमच्या गावात जागा आहे का?

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. मीही गाळली होती. बासरीचा क्लास वाईट नव्हता. पण आमच्या पंचक्रोशीत मला बासरी वाजवायला कुणी कधी बोलावणार नव्हतं. घरात वाजवली की कुत्रा उठून पडवीत जायचा. आठ महिन्यांनी ती दांडीवरच्या पिशवीत गेली.

पेटीचं तसं नाही. कोकणात वाडीवाडीला भजनी मंडळ आहे. गणपतीत घरोघरी भजन, देवळात सप्ताह, श्रावणात काही ना काही. या मंडळांत नवख्या माणसासाठी आधीपासूनच एक कोपरा ठेवलेला असतो. आधी टाळ घेऊन मागे बसायचं आणि बुवांच्या मागून ओळ उचलायची. मग झांज. चुकलं तर शेजारचा कोपराने ढोसतो. पेटीवर किंवा पखवाजावर हात जायला वर्षं लागतात, पण पहिल्या रात्रीपासून तुम्ही कामात असता. फी नाही, अभ्यासक्रम नाही, चहा मात्र आहे. मोठ्या माणसाला शिकवण्याची याहून चांगली सोय मी पाहिलेली नाही. शहरातून आलेल्यांना ती दिसत नाही, कारण तिच्यावर ‘क्लास’ अशी पाटी नसते.

आपल्या भागात आणखी काय चालतं ते बघा. रत्नागिरीकडे गणपतीत जाखडी नाच, शिमग्यात नमन-खेळे हे लोकनाट्य. तळकोकणात दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की दशावतार. दशावतारात संवाद लिहून दिलेले नसतात, नट ते रंगमंचावर उभ्या उभ्या रचतो. नवा मुलगा वर्षानुवर्षं ऐकूनच तयार होतो. बायकांची महिला भजनी मंडळं आहेत, फुगड्या आहेत. तुम्हाला शिकायचंय ते यांपैकी कशाला तरी जोडता येत असेल तर अर्धं काम झालं.

चित्रकलेला असं तयार मंडळ मिळत नाही, ते जमवावं लागतं. चौघांनी रविवारी सकाळी बंदरावर किंवा तळ्याकाठी वह्या घेऊन बसायचं, दहा वाजता उठायचं, एकमेकांची चित्रं बघायची. चौघं नसतील तर दोघं. जवळ असाल तर कुडाळच्या पिंगुळीला जाऊन ठाकर समाजातले कलाकार चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला) आणि कळसूत्री बाहुल्यांचं काम कसं करतात ते बघून या. विकत काही घेतलंत तर उत्तम, पण मुख्य म्हणजे हात बघा.

मुहूर्त

शाळांबरोबर क्लासही जूनमध्ये सुरू होतात आणि आपण हौसेने नाव घालतो. मग लावणी येते, वीज जाते, सर्दी होते, दोन आठवडे बुडतात आणि तिसऱ्या आठवड्यात जायची लाज वाटते. एप्रिल-मे तर विचारूच नका. आंबा, काजू आणि चाकरमानी तिन्ही एकदम येतात. माझा अनुभव असा की दिवाळी झाली की सुरू करावं. शिमग्यापर्यंत तीन-चार महिने सलग मिळतात, हवा कोरडी असते, संध्याकाळ लांब वाटते. भजनासाठी पेटी शिकत असाल तर गणपतीपर्यंत नऊ-दहा महिने हाताशी राहतात. सोपी आरती साथीला धरायला तेवढे पुरतात.

फी भरण्याआधी एक तास कोपऱ्यात बसा

शिक्षकांना विचारून एक अख्खा तास नुसतं बघत बसा. नाही म्हणाले तर तो क्लास सोडा.

बघायचं काय? पहिलं, तासातली किती मिनिटं विद्यार्थ्यांचे हात चालतात. आमच्या जलरंगाच्या वर्गात सर ४० मिनिटं स्वतः रंगवायचे. इतकं सुंदर की आम्ही माना डोलवत बसायचो. उरलेल्या वेळात आम्ही तेच चित्र उतरवायचो, मग सर फिरत यायचे, “जरा द्या बघू” म्हणून ब्रश घ्यायचे आणि दोन फटकाऱ्यांत आमचं आकाश ठीक करून पुढे जायचे. माझ्या सहा चित्रांतली सहाही आकाशं सरांची आहेत. घरी पाहुण्यांना दाखवताना मी ते सांगत नसे. पण एकदा नातीने समोर बसून “आजोबा, असं ढग काढा ना” म्हटलं, आणि कागदावर जे उमटलं ते तिने सांडलेली पेज समजून पुसायला घेतलं.

तेव्हा शिक्षक चूक दाखवून काम परत विद्यार्थ्यालाच करायला लावतात की स्वतः करून देतात, हे नीट बघा. चांगला शिक्षक हात मागे बांधून उभा राहतो.

दुसरं, तीन-चार महिने झालेला विद्यार्थी शोधा आणि त्याला काय येतं ते ऐका किंवा बघा. वर्गातला सर्वांत हुशार मुलगा दाखवतील, त्याच्याकडे बघू नका. मधला कुणी तरी पकडा.

तिसरं, तास सुरू होताना मागच्या आठवड्याचं ऐकून घेतात का? जिथे मागचं न विचारता नवीन सुरू होतं, तिथे घरी सराव करणारा आणि न करणारा दोघं सारखेच. महिन्याभरात करणाराही थांबतो.

आणि एक गोष्ट खास आपल्या वयाची. मोठ्या माणसांना सूट मिळते. लहान मुलगा चुकला की शिक्षक थांबवतात. आपण चुकलो की “काका, छान, छान” म्हणून पुढे जातात. त्यात आदर असतो, थोडं ‘यांना कुठे कार्यक्रम करायचाय’ हेही असतं. पहिल्याच दिवशी सांगून ठेवा: चुकलं की थांबवा, मला वाईट वाटणार नाही. वाटतं ते वेगळं. पेटीच्या क्लासला मी आठवीतल्या मुलांच्या बॅचला बसत असे. त्यातली एक मुलगी मला बिनदिक्कत सांगायची, “आजोबा, तिथे कोमल स्वर नाहीय.” फी तिलाच द्यायला हवी होती.

फी महिन्याची महिन्याला भरा. वर्षाची एकदम भरली तर सवलत मिळते, पण आपण पैसे वसूल करायला जात राहतो, आणि नुसतं जात राहिल्याने पेटी येत नाही.

सामान

पहिले तीन महिने पेटी उसनी किंवा भाड्याने घ्या. रंग कमी घ्या, कागद मात्र जाड घ्या, ३०० जीएसएमचा. पातळ कागद पाण्याने फुगतो आणि दोष आपण स्वतःला देतो. पावसाळ्यात दमट हवेने पेटीच्या पट्ट्या अडकतात, तबल्याची पुडी सैल पडते, कागदावर बुरशी धरते. वाद्य कोरड्या खोलीत गुंडाळून ठेवा, कागद प्लास्टिकच्या पिशवीत. बास.

उरलेले सहा दिवस

दोन महिने झाले तरी माझी पेटी पुढे सरकेना. मी क्लासला नियमित जात होतो, वही सुबक होती. एका भजनानंतर आमच्या बुवांनी, वयाने माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, चपला घालता घालता विचारलं, “काका, पेटी घराकडे उघडतास काय नाय?” मी म्हटलं, रविवारी दोन तास बसतो. ते हसले. “मगे ती सोमवारपासून शनवारपर्यंत तुमका इसारता.”

हेच मला नंतर एका जुन्या प्रयोगात सापडलं, आणि तो निघाला टपालवाल्यांवरचा, म्हणून जास्त जवळचा वाटला. ब्रिटनमध्ये पत्रं निवडायला कळफलकाची यंत्रं आली तेव्हा पोस्टमनना टंकलेखन शिकवायचं होतं. अ‍ॅलन बॅडली आणि लाँगमन या संशोधकांनी त्यांचे गट पाडले आणि १९७८ साली निष्कर्ष छापले. एका गटाला दिवसाला एकच तास, दुसऱ्या टोकाच्या गटाला दिवसातून दोनदा दोन-दोन तास. रोज एक तासवाल्यांना कळफलक सुमारे ३५ तासांत आला. दिवसाला चार तासवाल्यांना सुमारे ५० तास लागले. गंमत पुढे आहे. कमी तासांत शिकलेला गटच सर्वांत नाराज होता, कारण त्यांना दिवस जास्त लागले आणि आपण मागे पडतोय असं वाटत राहिलं. आपली प्रगती आपल्याला आतून बरोबर कळत नाही, एवढं मी त्यातून घेतलं.

त्यानंतर माझा रविवार गेला आणि रोजची २० मिनिटं आली. संध्याकाळी दिवा लावून झाला की पेटी. वेळेला नाही, दिव्याला बांधून घेतलं. वेळ चुकते, दिवा चुकत नाही. पेटी खोक्यात ठेवायची नाही, माजघरात सतरंजीवर, वर फक्त कापड. उघडायला तीन कृती लागल्या तर आपण बसत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

वीस मिनिटांत करायचं काय, तेही ठरलेलं हवं. नाहीतर येतं तेच परत परत वाजवून आपण खूश होतो. माझं असं असतं. पहिली पाच मिनिटं एकच स्वर, भात्याचा दाब एकसारखा राहील असा. फार कंटाळवाणं. बायको आतून विचारायची, “आज पुना तांच?” मग दहा मिनिटं एकच अडलेली जागा. अख्खं गाणं नाही, अडलेली ओळ. तीही निम्म्या वेगात. शेवटची पाच मिनिटं आवडीचं काहीही.

पेटीवाल्यांसाठी पहिल्या आठवड्याचा एक खेळ सांगतो. फक्त काळ्या पट्ट्या घ्या. काळी ३ ला, म्हणजे तीन काळ्यांच्या गटातल्या पहिलीला, सा धरून वर गेलात तर सा रे ग प ध मिळतात, हे भूप रागाचे स्वर. त्याच पाच पट्ट्या, पण काळी १ ला, म्हणजे दोन काळ्यांच्या गटातल्या पहिलीला, सा धरलात तर सा रे म प ध, हे दुर्गा रागाचे. पट्ट्या बदलल्या नाहीत, फक्त घर बदललं. हे बोटांना आणि कानाला दोघांना कळलं की ‘सा’ म्हणजे काय हे वहीत लिहावं लागत नाही. त्यानंतर ऐकून ऐकून पाठ झालेली एखादी आरती शोधून काढायची. स्वरलिपी बघायची नाही. चाल तुम्हाला लहानपणापासून माहीत आहे, तेव्हा चुकलं की कानच ओरडतो. शिक्षक घरात असल्यासारखं.

चित्रवाल्यांनी सावंतवाडीचा गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, बघावा. राजवाड्यात कारागीर ती गोल पानं रंगवताना दिसतात. ही कला जवळजवळ संपली होती. सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी प्रौढ वयात म्हाताऱ्या पुंडलिक चितारींकडून ती शिकून घेतली आणि पुढे राजवाड्यात तिचं काम उभं केलं. दशावतारी गंजिफात १० अवतारांचे १० रंग, प्रत्येक रंगात १२ पानं, एकूण १२०. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि १ ते १० अंकांची पानं. आता हिशोब करा. मत्स्याची १ ते १० पानं रंगवायची म्हणजे मासा ५५ वेळा काढायचा. मग कासव ५५ वेळा. पहिला मासा आणि पंचावन्नावा मासा यांत जो फरक पडतो, त्यासाठी कुठल्याही क्लासात वेगळा तास नसतो. घरी तुम्ही गंजिफा रंगवायला हवा असं नाही. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर एकच होडी काढा, ५५ वेळा. मी ३१ वर आहे. जलरंग पुन्हा काढलेत, यावेळी क्लास न लावता.

मधला एखादा दिवस बुडाला तर? बुडू द्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ लोकांच्या नव्या सवयींचा माग ठेवला होता. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा हिशोब निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. हे मला फार धीर देणारं वाटतं, कारण आपल्याकडे घरात सुतक आलं की दहा-बारा दिवस वाद्याला हात लावत नाहीत. अकराव्या-बाराव्या दिवसापासून पुन्हा दिवा, पुन्हा कापड बाजूला. फक्त ‘पुढच्या महिन्यापासून’ म्हणायचं नाही.

वही मिटून

क्लासहून घरी आलात की वही उघडू नका. आधी आज काय शिकवलं ते आठवून वाजवा किंवा काढा. निम्मं आठवणार नाही, चिडचिड होईल. मग वही बघा आणि सुटलेलं भरा. रोडिगर आणि कार्पिकी या संशोधकांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर हे करून पाहिलं होतं. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर पारडं फिरलं: न बघता आठवून लिहिणारे पुढे निघाले. व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावं. व्हिडिओ तिसऱ्यांदा बघताना सगळं येतंय असं वाटतं. फोन उपडा ठेवून बघा काय येतं ते.

दर महिन्याच्या एका तारखेला फोनवर तेच गाणं रेकॉर्ड करून ठेवा, तेच चित्र तारीख घालून ठेवा. ऐकायचं मात्र तीन महिन्यांनी. रोज ऐकाल तर सोडून द्याल.

परीक्षा द्यावी का?

संगीतात अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आहेत: प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा चढत्या. वर्षातून दोन सत्रं, उन्हाळ्यात आणि दिवाळीनंतर. मोठी माणसंही बसतात. तारीख ठरली की सराव होतो, हा फायदा खरा. पण परीक्षेपुरते राग घोटायचे आणि निकाल लागला की विसरायचे, असंही होतं. भजनात साथ करायची असेल तर मी परीक्षेऐवजी मंडळ निवडीन. तिथे निकाल त्याच रात्री लागतो. माझा पहिला निकाल असा लागला की बुवा चहाला उठले, आरतीला पेटी माझ्याकडे सरकवली, मी दुसऱ्या कडव्यात भरकटलो, आणि लोकांनी आवाज चढवून मला झाकून घेतलं. नंतर कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरी पेटी परत माझ्यापुढे आली.

सोडायचं असेल तर

तीन महिने रोज बसूनही बसायच्या वेळी जीव नको म्हणत असेल, तर खुशाल सोडा. न बसता सोडणार असाल तर आधी तीन महिने बसा. सोडल्यावर सामान माळ्यावर टाकू नका. शाळेतल्या एखाद्या पोराला रंग द्या. पेटी विकायची तर पावसाआधी विका, मे महिन्यात, चाकरमानी गावात असताना. जुलैत गिऱ्हाईक येतं, अडकलेली पट्टी दाबून बघतं आणि निम्मी किंमत सांगतं.